नव्या संगीताच्या शोधात इंटरनेट रेडिओ: चांगले स्टेशन कशावरून ओळखावे?

इंटरनेटवर आज जगभरातील हजारो रेडिओ स्टेशने मोफत ऐकता येतात, तरीही नवे संगीत शोधण्यासाठी त्यांच्याकडे वळलेले अनेक श्रोते थोड्याच दिवसांत कंटाळून परत फिरतात. एक स्टेशन लावावे तर तीच ओळखीची गाणी पुन्हा पुन्हा लागतात, दुसरे लावावे तर जाहिराती संपत नाहीत, तिसरे लावावे तर कोण गात आहे हेच कळत नाही. स्टेशने कमी पडतात म्हणून असे होत नाही, तर ती कशाच्या आधारे निवडायची याची कुणी माहिती दिलेली नसते म्हणून होते. संगीताचा प्रकार, देश किंवा आवाजाचा दर्जा यांकडे पाहण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा, आणि तो म्हणजे या स्टेशनवर पुढचे गाणे कोण निवडते. बाकीच्या बहुतेक गोष्टी त्याच्या उत्तरावर ठरतात.

पुढचे गाणे कोण निवडते?

पहिले उत्तर म्हणजे बाजार. आपल्याकडे खासगी एफएमच्या वारंवारिता लिलावाने दिल्या जातात. लिलावाची रक्कम, सरकारला द्यायचे वार्षिक शुल्क आणि कर्मचाऱ्यांचे पगार हे सारे जाहिरातींतून उभे करायचे असते, आणि जाहिरातदार पाहतो ती श्रोत्यांची संख्या. अनोळखी गाणे लागले की काही श्रोते स्टेशन बदलतात आणि आवडते लागले की थांबतात, हे चालकांना पक्के ठाऊक असल्यामुळे गाण्यांची यादी लहान ठेवली जाते आणि त्यातील लोकप्रिय गाणी दिवसातून अनेकदा फिरवली जातात. या व्यवसायात या पद्धतीला रोटेशन म्हणतात. यात फसवणूक काही नाही, गाडी चालवताना सोबतीला असे स्टेशन चांगलेच असते. मात्र ते इंटरनेटवर आले म्हणून त्याची यादी लांबत नाही, आणि नवे संगीत सापडावे ही अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

दुसरे उत्तर म्हणजे यंत्र. गाणी ऐकवणाऱ्या मोठ्या ॲपमध्ये एखाद्या गाण्यावर किंवा गायकावर बोट ठेवले की त्याच्या नावाचा 'रेडिओ' सुरू होतो. इथे निवेदक नसतो आणि प्रक्षेपणही नसते. तुमच्या एकट्यासाठी संगणकाने रचलेली ती रांग असते. ती रचताना यंत्र मुख्यतः दोन गोष्टी पाहते: हे गाणे ऐकणाऱ्या इतर लोकांनी आणखी काय ऐकले, आणि ध्वनीच्या दृष्टीने, म्हणजे लय, गती, वाद्ये, आवाज यांत, या गाण्याशी कोणती गाणी जुळतात. दोन्ही मार्ग साम्याकडे नेतात. किशोरी आमोणकरांचा ख्याल ऐकणाऱ्याला मल्लिकार्जुन मन्सूर सुचतील, भीमसेन जोशी सुचतील, आणि ते उत्तमच आहे. पण पश्चिम आफ्रिकेतील कोरा या तंतुवाद्याचे वादन सुचण्याची शक्यता फार कमी, कारण दोन्ही ऐकणारे लोक थोडे आणि ध्वनीतील साम्यही वरवर पाहता शून्य. वास्तविक एकाच सुरावटीभोवती सावकाश वाढत जाणारे संगीत ज्याला आवडते, त्याला कोराही आवडू शकतो. हे जाणण्यासाठी दोन्ही संगीतांत मुरलेला कान लागतो.

तिसरे उत्तर म्हणजे माणूस, आणि या लेखात 'चांगले स्टेशन' म्हणताना तेच अभिप्रेत आहे. वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रिका जमवणारा, मैफली ऐकणारा, स्वतःची ठाम आवडनिवड असलेला कुणी निवेदक किंवा संयोजक दोन-तीन तासांचा कार्यक्रम बांधतो, त्यात एका गाण्यानंतर दुसरे का यावे याचा विचार करतो आणि गाणे झाल्यावर ते कुणाचे होते हे सांगतो. यंत्र तुमचा पूर्वेतिहास पाहून निवड करते, तर निवेदक स्वतःचा इतिहास घेऊन येतो, आणि म्हणूनच तुमच्या सवयीबाहेरचे काही तुमच्यापर्यंत पोहोचते. त्यातील बरेचसे आवडणार नाही, हे आधीच गृहीत धरलेले बरे.

लहरी दूरवर कशा पोहोचतात

इंटरनेट रेडिओचे तांत्रिक अंग थोडक्यात समजून घेतले, तर ही स्टेशने कशी जगतात हेही कळते. एफएमच्या मनोऱ्यावरून लहरी एकदा सोडल्या की त्या टप्प्यात शंभर जणांनी ऐकले काय किंवा लाखभर जणांनी ऐकले काय, स्टेशनचा खर्च तोच राहतो. इंटरनेटवर तसे नसते. तिथे प्रत्येक श्रोत्याकडे सर्व्हरकडून ध्वनीचा स्वतंत्र प्रवाह जातो, त्यामुळे श्रोते वाढले की खर्चही वाढतो. जाहिराती न घेणारी स्टेशने वर्षातून काही वेळा श्रोत्यांकडे देणगी का मागतात, याचे एक कारण यात आहे. दुसरे कारण स्वामित्वधनाचे, म्हणजे गाणी वाजवण्याबद्दल हक्कधारकांना द्यायच्या पैशांचे, त्याकडे पुढे येऊ.

प्रवाहाचा वेग किलोबिट प्रतिसेकंद या एककात मोजतात. १२८ किलोबिटचा प्रवाह तासाला सुमारे ५८ मेगाबाइट डेटा घेतो, म्हणजे चोवीस तास अखंड चालू ठेवला तरी १.४ गिगाबाइटच्या आतच राहतो. ज्यांच्या मोबाइलवर दिवसाला दीड गिगाबाइटची योजना आहे, त्यांनी डेटाची चिंता करण्याचे कारण नाही. व्हिडिओपेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे. एएसी प्रकारचे, आवाज कमी डेटात बसवणारे आधुनिक संकेतन वापरणारी स्टेशने ६४ किलोबिटमध्येही ऐकण्याजोगा आवाज देतात. ३२० किलोबिट किंवा फ्लॅक यांसारखे उच्च दर्जाचे प्रवाह घरच्या चांगल्या स्पीकरसाठी राखून ठेवावेत, कारण बसमध्ये साध्या इयरफोनवर त्यांचा फरक जाणवत नाही. ज्या स्टेशनचे स्वतःचे ॲप नाही, त्याच्या प्रवाहाचा पत्ता, जो बहुधा .पीएलएस किंवा .एम३यू या शेपटाचा असतो, व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये टाकला की काम भागते.

इतिहासात फार खोल जाण्याची गरज नाही, पण एक तपशील उपयोगी आहे. ७ नोव्हेंबर १९९४ रोजी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील डब्ल्यूएक्सवायसी या स्टेशनने आपले एफएम प्रक्षेपण इंटरनेटवर आणले, आणि असे करणाऱ्या अगदी पहिल्या स्टेशनांत त्याची गणना होते. ते विद्यार्थ्यांनी चालवलेले स्टेशन होते, हा योगायोग नव्हे. विद्यापीठांत वेगवान इंटरनेट आधी पोहोचले होते, आणि जाहिरातदारांचे बंधन नसल्यामुळे तिथल्या विद्यार्थ्यांना मनाला येईल ते वाजवण्याची मुभा होती. अमेरिकेतील 'कॉलेज रेडिओ' ही परंपरा आजही नव्या संगीताचा मोठा झरा आहे, आणि आज नावारूपाला आलेली काही स्टेशने याच परंपरेतून वाढली.

काही स्टेशने, जरा सविस्तर

सिॲटलचे केईएक्सपी हे त्यांपैकी सर्वांत परिचित. वॉशिंग्टन विद्यापीठात १९७२ साली केसीएमयू या नावाने सुरू झालेल्या छोट्या विद्यार्थी स्टेशनला २००१ मध्ये आजचे नाव मिळाले. यूट्यूबवर त्याच्या स्टुडिओतील प्रत्यक्ष वादन-गायनाची चित्रमुद्रणे अनेकांनी पाहिली असतील, पण स्टेशनचा खरा गाभा दिवसभराचे कार्यक्रम हा आहे. निवेदक स्वतः गाणी निवडतात, प्रत्येक गाण्याचे नाव, अल्बम आणि लेबल, म्हणजे ते प्रसिद्ध करणारी कंपनी, संकेतस्थळावर त्याच क्षणी दिसते, आणि आठवड्यात लॅटिन संगीत, हिप-हॉप, जगभरचे लोकाधारित संगीत यांना वेगवेगळे कार्यक्रम आहेत. भारतातून ऐकणाऱ्याला वेळेचाही फायदा होतो: सिॲटलमध्ये सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि थंडीत साडेआठ वाजलेले असतात. त्यामुळे तिथला सकाळचा ताजातवाना कार्यक्रम इथे रात्रीच्या स्वयंपाकाच्या वेळी येतो.

न्यू जर्सीतील जर्सी सिटीचे डब्ल्यूएफएमयू याहून अवखळ आहे. १९५८ मध्ये अप्साला कॉलेजात सुरू झालेले हे स्टेशन १९९५ मध्ये कॉलेज बंद पडल्यानंतरही श्रोत्यांच्या पैशावर टिकून राहिले. निवेदकाने काय वाजवावे यावर स्टेशनचे कोणतेही बंधन नसते. या पद्धतीला तिकडे 'फ्रीफॉर्म' म्हणतात. एका तासात जुने ब्लूज, जपानी पॉप आणि नुसताच यंत्रांचा खडखडाट हे सगळे लागू शकते, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा प्रकार विक्षिप्त वाटला तर त्यात नवल नाही. म्हणून इथे थेट प्रक्षेपणापेक्षा संग्रहाकडे आधी जावे. बहुतेक कार्यक्रमांची गाण्यांची पूर्ण यादी आणि ध्वनिमुद्रण संकेतस्थळावर ठेवलेले असते. रॉब वाइसबर्ग यांचा 'ट्रान्सपॅसिफिक साउंड पॅराडाइज' हा जगभरच्या संगीताचा कार्यक्रम तिथे शनिवारी संध्याकाळी सहाला लागतो, म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे साडेतीन-साडेचारला. तो रविवारी दुपारी संग्रहातून ऐकणे अर्थातच सोयीचे.

ज्यांना निवेदकाची बडबड नको आणि तरीही माणसाचीच निवड हवी, त्यांच्यासाठी फ्रान्सच्या सार्वजनिक रेडिओचे फिप हे स्टेशन मला सर्वांत वरचे वाटते. १९७१ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या या स्टेशनवर जाहिराती नसतात, मधूनमधून शांत आवाजात फ्रेंचमधून दोन वाक्ये येतात, आणि बाकी सगळा वेळ संगीत. त्याचे वैशिष्ट्य जोडकामात आहे. जॅझ, फ्रेंच गाणे, पाश्चात्त्य शास्त्रीय, ब्राझीलचा सांबा, इलेक्ट्रॉनिक संगीत हे एकामागून एक येते, पण दोन गाण्यांच्या सांध्यात लय किंवा सूर असा काही जुळवलेला असतो की प्रकार बदलला हे लगेच लक्षात येत नाही. या मुख्य स्टेशनखेरीज जॅझ, रेगे, रॉक, जगभरचे संगीत अशा विषयांचे वेगळे प्रवाह आहेत. पण त्यांत हे जोडकाम उरत नाही, म्हणून सुरुवात मुख्य प्रवाहापासूनच करावी. फ्रेंच न येण्याने काही बिघडत नाही, कारण गाण्याचे व कलाकाराचे नाव पडद्यावर दिसते.

कॅलिफोर्नियात २००० साली बिल आणि रिबेका गोल्डस्मिथ या दांपत्याने सुरू केलेल्या रेडिओ पॅराडाइजची जातकुळी फिपसारखीच, फक्त झुकाव रॉककडे जास्त. इथे श्रोते गाण्यांना एक ते दहा गुण देतात आणि उच्च दर्जाचा फ्लॅक प्रवाहही मोफत मिळतो. रॉकची सवय नसलेल्या मराठी कानाला आत शिरण्यासाठी हा चांगला दरवाजा आहे. मात्र काही महिन्यांनी तो ओळखीचा होतो, तेव्हा पुढे जावे.

लंडनचे एनटीएस हे २०११ मध्ये फेमी अडेयेमी यांनी सुरू केलेले स्टेशन पुढच्या पिढीचे. त्याची वृत्ती एखाद्या मोठ्या, शेकडो खोल्यांच्या ग्रंथालयासारखी आहे. दोन थेट प्रवाह चालतात, पण मुख्य संपत्ती म्हणजे मागील कार्यक्रमांचा संग्रह, ज्यात अनेक शहरांतील संगीतकार, संग्राहक आणि डीजे आपापले कार्यक्रम करतात आणि प्रत्येक कार्यक्रमाला संगीतप्रकारांच्या खुणा जोडलेल्या असतात. एखाद्या देशाचे १९७० च्या दशकातील नृत्यसंगीत किंवा केवळ तंबोऱ्यासारख्या स्थिर स्वरांवर आधारलेले संगीत, असे बारीक विषय घेऊन बसणारे लोक तिथे भेटतात. ज्याला स्वतःला काय शोधायचे आहे याची थोडी तरी कल्पना आहे, त्याच्यासाठी हे उत्तम. अगदी नवख्याला मात्र पहिल्या आठवड्यात गोंधळल्यासारखे होईल. आपल्या देशातील उदाहरण द्यायचे तर २०१७ मध्ये दिल्लीतून सुरू झालेल्या बॉक्सआउट डॉट एफएमचे द्यावे लागेल, ज्याने भारतातील चित्रपटबाह्य, विशेषतः इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या तरुणांना अशाच प्रकारची जागा दिली.

सान फ्रान्सिस्कोतील सोमाएफएमकडे तीसहून अधिक प्रवाह आहेत, आणि त्यांत मराठी वाचकाचे लक्ष वेधून घेईल असा एक म्हणजे 'सबर्ब्ज ऑफ गोवा'. सतार, तबला आणि इलेक्ट्रॉनिक तालांचे मिश्रण इथे चोवीस तास चालते. ते कानाला गोड आहे, परंतु नावावरून मांडो, दुलपोद किंवा तियात्रातील कांतारां ही कोंकणी गाणी ऐकायला मिळतील अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. हा गोवा किनाऱ्यावरच्या पार्ट्यांच्या आठवणींतला आहे. कोंकणी गाण्यासाठी आकाशवाणीच्या पणजी केंद्राकडेच जावे लागते.

निर्देशिका कशा वापराव्यात

रेडिओ गार्डन, ट्यूनइन, रेडिओ ब्राउझर यांना स्टेशन समजण्याची चूक सहज होते. या निर्देशिका आहेत. त्या स्वतः काही वाजवत नाहीत, दुसऱ्याच्या प्रवाहाचा पत्ता तुमच्यापर्यंत आणतात. रेडिओ ब्राउझर ही स्वयंसेवकांनी वाढवलेली खुली सूची असून अनेक मोफत ॲप तिचीच माहिती वापरतात. डिसेंबर २०१६ मध्ये ॲमस्टरडॅमहून सुरू झालेल्या रेडिओ गार्डनमध्ये पृथ्वीचा गोल फिरवून हिरव्या ठिपक्यांवर थांबले की त्या गावचे स्टेशन लागते. त्यातील मौज खरी आहे, परंतु ठिपका फक्त स्टेशन कुठे आहे एवढेच सांगतो. जगातील बहुतेक शहरांची बहुतेक स्टेशने वर सांगितलेल्या पहिल्या प्रकारातली असल्यामुळे नुसते फिरत राहिल्यास देशोदेशीची तीच ती लोकप्रिय गाणी ऐकू येतात. त्यापेक्षा ज्या शहराची स्वतःची संगीतपरंपरा ठाऊक आहे, उदाहरणार्थ मालीमधील बमाको, फादो या पोर्तुगीज गायनप्रकारासाठी लिस्बन, तिथे जाऊन सार्वजनिक किंवा विद्यापीठीय स्टेशन शोधावे. निर्देशिकांमधील 'लोकप्रिय' या क्रमवारीचा नव्या संगीताच्या शोधात काहीच उपयोग नाही.

स्टेशन सापडल्यावर ते पारखायचे कसे? सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे वाजलेल्या गाण्यांची यादी. ती उघडून मागील चोवीस तास पाहावेत. एकच गाणे तीन-चार वेळा आले असेल तर ते रोटेशन आहे आणि पुढे वेळ घालवण्याचे कारण नाही. गाण्यांची वर्षे पाहावीत: सगळी याच वर्षातली असतील तर कदाचित प्रसिद्धीचा दबाव असतो, सगळी चाळीस वर्षांपूर्वीची असतील तर ते स्मरणरंजन असते, आणि दोन्ही एकत्र नांदत असतील तर बहुधा तिथे कुणीतरी विचार करणारे बसलेले असते. स्टेशन चालवणाऱ्यांची आणि निवेदकांची नावे कुठे दिली आहेत का, पैसा कुठून येतो हे सांगितले आहे का, हेही पाहावे. ज्या स्टेशनला यादीच नाही, ते कितीही गोड वाजत असले तरी शोधासाठी निरुपयोगी ठरते, कारण आवडलेले गाणे पुन्हा सापडण्याचा मार्ग तिथे नाही.

आणखी एक सल्ला, जो मला यादीइतकाच महत्त्वाचा वाटतो: स्टेशनच्या मागे न लागता निवेदकाच्या मागे लागावे. एकाच स्टेशनवर सकाळचा माणूस आणि रात्रीचा माणूस यांच्या आवडीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ज्याच्या एका तासात दोन गाणी मनात राहिली, त्याचा कार्यक्रम काही आठवडे सलग ऐकावा. मग त्याची आवड आणि आपली आवड कुठे जुळते आणि कुठे फाटते हे कळू लागते, आणि त्याने दिलेल्या अनोळखी नावावर विश्वास ठेवणे सोपे जाते. आवडलेल्या गाण्याच्या मुख्य कलाकाराबरोबर लेबलचेही नाव टिपून ठेवावे, कारण लहान लेबले एकाच अभिरुचीचे संगीत काढतात आणि एका लेबलवरून पुढच्या दहा कलाकारांपर्यंत पोहोचता येते.

कायदा आडवा येतो तेव्हा

चांगल्या स्टेशनवरही थेट प्रक्षेपणात आवडलेले गाणे मागे घेऊन पुन्हा ऐकता येत नाही, कार्यक्रमाची यादी आधी जाहीर होत नाही, काही स्टेशने अमुक देशात लागतच नाहीत. या गोष्टींचा राग येतो, पण त्यांच्यामागे स्वामित्वहक्काचे नियम आहेत. अमेरिकेत १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने इंटरनेट स्टेशनांना एक सोय दिली: प्रत्येक ध्वनिमुद्रिका कंपनीशी वेगळा करार न करता ठरलेले स्वामित्वधन भरून कोणतेही ध्वनिमुद्रण वाजवता येते. त्याबदल्यात अटी घातल्या. तीन तासांच्या अवधीत एका अल्बममधील तीनपेक्षा जास्त गाणी वाजवायची नाहीत आणि त्यांतील दोनपेक्षा जास्त लागोपाठ नाहीत. एका कलाकाराची चारपेक्षा जास्त नाहीत आणि तीनपेक्षा जास्त लागोपाठ नाहीत. पुढे काय वाजणार हे आधी छापायचे नाही. स्टेशनचा उपयोग फुकट अल्बम मिळवण्यासाठी होऊ नये हा हेतू, पण अनवधानाने त्यातून शोधणाऱ्याचा फायदाच झाला, कारण निवड विविध ठेवणे स्टेशनांना भाग पडले. केईएक्सपीवर मागील सुमारे दोन आठवड्यांचेच प्रक्षेपण ऐकता येते, तेही याच परवान्याच्या चौकटीमुळे.

सोय असली तरी ती स्वस्त नव्हती. २००२ साली दर गाण्यामागे दर श्रोत्यामागे स्वामित्वधनाचे जे दर ठरले, ते लहान स्टेशनांना झेपणारे नव्हते; सोमाएफएमने त्या वर्षी काही काळ प्रक्षेपण थांबवले आणि लहान स्टेशनांसाठी सवलतीचा मार्ग निघाल्यावरच ते पुन्हा सुरू केले. ब्रिटनमध्ये ट्यूनइनविरुद्धच्या खटल्यात २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०२१ मध्ये अपील न्यायालयाने असे ठरवले, की ज्या परदेशी स्टेशनांकडे ब्रिटनचा परवाना नाही त्यांचे दुवे तिथल्या श्रोत्यांना देणे हाही हक्कभंग ठरू शकतो; २०२२ पासून रेडिओ गार्डनवर ब्रिटनमधील श्रोत्यांना परदेशी स्टेशने ऐकू येईनाशी झाली. उलट बाजूने, बीबीसीने जुलै २०२५ मध्ये ब्रिटनबाहेरच्या श्रोत्यांसाठी आपले साउंड्स हे ॲप बंद केले. म्हणून परदेशात राहणाऱ्या मराठी मित्राने सुचवलेले स्टेशन इथे लागले नाही, तर फोनमध्ये बिघाड शोधत बसू नये.

भारतातील स्थिती निराळी आहे, आणि तिचा निर्णय मुंबईत झाला. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात ३१-ड हे कलम आले, ज्यानुसार प्रसारण संस्थेला नोटीस देऊन आणि ठरलेले स्वामित्वधन भरून गाणी वाजवता येतात, कंपनीची संमती घ्यावी लागत नाही. ही सोय इंटरनेटलाही लागू आहे का, हा प्रश्न टिप्स ही संगीत कंपनी आणि विंक हे गाणी ऐकवणारे ॲप यांच्या वादात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. २०१९ मध्ये एकल न्यायाधीशांनी आणि २०२२ मध्ये खंडपीठाने उत्तर दिले की ती फक्त रेडिओ आणि दूरचित्रवाणीपुरती आहे. परिणाम असा, की मराठी भावगीते किंवा लावण्या रीतसर वाजवणारे केवळ इंटरनेटवरचे स्टेशन काढायचे असेल तर प्रत्येक कंपनीशी स्वतंत्र वाटाघाटी कराव्या लागतात, आणि दोन-चार हौशी मंडळींच्या आवाक्यातले ते काम नाही. निर्देशिकांमध्ये मराठी गाण्यांच्या नावाने दिसणाऱ्या, चालकाचा पत्ता नसलेल्या प्रवाहांवर फार विसंबू नये ते यामुळेच.

आकाशवाणीकडे पुन्हा एकदा

या परिस्थितीत भारतीय संगीतासाठी सर्वांत भरीव इंटरनेट स्टेशने सार्वजनिक रेडिओकडेच आहेत, आणि त्यांची पुरेशी दखल घेतली जात नाही. प्रसार भारतीच्या न्यूज ऑन एअर या ॲपवर आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या थेट ऐकता येतात. २६ जानेवारी २०१६ रोजी बंगळुरूहून सुरू झालेली 'रागम' ही वाहिनी चोवीस तास हिंदुस्थानी आणि कर्नाटक शास्त्रीय संगीत देते. हिंदुस्थानी संगीतावर वाढलेल्या मराठी श्रोत्याला कर्नाटक संगीत एरवी मुद्दाम शोधून ऐकावे लागते. इथे ते आपोआप शेजारी येऊन बसते, आणि आपल्या मालकंसाला तिकडे हिंदोळम म्हणतात हे पुस्तकापेक्षा कानाने आधी कळते. आसाम, मणिपूर, काश्मीर येथील केंद्रांवर त्या त्या भागातील लोकसंगीत लागते, जे मोठ्या ॲपच्या शिफारशींत क्वचितच वर येते. यातील अडचण एकच: गाण्याचे नाव बहुधा निवेदकाच्या तोंडूनच कळते, त्यामुळे कान आणि पेन्सिल दोन्ही तयार ठेवावे लागतात.

दूरच्या स्टेशनचा काटा जुळवणे आपल्या लोकांना नवे नाही, हे इथे आठवते. १९५० च्या दशकात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, तेव्हा घरोघरचे रेडिओ शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५२ मध्ये सुरू झालेली अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' समुद्रापलीकडून ऐकली जाऊ लागली. १९५७ मध्ये विविध भारती सुरू होण्यामागे हे गळालेले श्रोते परत आणण्याची निकडही होती.

राहिला पैशांचा प्रश्न. केईएक्सपी, डब्ल्यूएफएमयू, सोमाएफएम, रेडिओ पॅराडाइज ही सगळी मुख्यतः श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतात, आणि नियमित ऐकणाऱ्याने वर्षाकाठी काही रक्कम द्यावी असे मला वाटते. भारतातून देताना दरमहा आपोआप कापली जाणारी देणगी निवडू नये. ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या अतिरिक्त पडताळणीच्या नियमांमुळे परदेशी संस्थांची अशी आवर्ती वसुली अनेकदा नाकारली जाते. वर्षातून एकदा एकरकमी देणे सोपे पडते. रेडिओवर सापडलेल्या एखाद्या लहान कलाकाराचा अल्बम बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर विकत घेतानाही व्यवहार एकदाच होतो, आणि त्यातील मोठा वाटा कलाकाराकडे किंवा त्याच्या लेबलकडे जातो.